न पाहिलेली दक्षिणभूमी आणि आपल्या पायाखालचं गोंडवन

सोळाव्या शतकात युरोपात छापलेले जगाचे मोठे नकाशे पाहिले, तर बहुतेकांत तळाशी, दक्षिणेकडे, एक अवाढव्य भूमी आडवी पसरलेली दिसते. तिच्या किनाऱ्याला वळणं आहेत, भूशिरं आहेत, आखातं आहेत. काही नकाशांत तर तिथल्या राज्यांची नावंही लिहिलेली आहेत. ही भूमी तोवर एकाही माणसानं पाहिलेली नव्हती. तिला नाव होतं 'टेरा ऑस्ट्रालिस', दक्षिणेकडची भूमी. पुढची अडीचशे वर्षं तिच्या शोधात जहाजं निघत राहिली. त्या शोधातून जे सापडलं ते नकाशावरच्या चित्राशी जुळलं नाही. पण शोध संपल्यावर शंभरेक वर्षांनी दक्षिणेची एक खरी, फार जुनी भूमी दगडांतून उलगडली, आणि तिचा मोठा पुरावा आपल्या नागपूर-चंद्रपूरच्या मातीखालून निघाला. तिला नाव मिळालं तेही इथल्या गोंडांच्या मुलखाचं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. आमचं गाव वर्धा नदीच्या पट्ट्यात, कोळशाच्या खाणींच्या शेजारी आहे. कॉलेजात जाणारे पोट्टे मला मोबाईलवर आलेले नकाशे पाठवतात, 'समुद्रात बुडालेला महाखंड', 'बर्फ नसतानाचं अंटार्क्टिका' वगैरे, आणि विचारतात, "सर, हे खरं हाये का?" हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर एका ओळीत देणं मला पटत नाही. म्हणून जरा सुरुवातीपासून सांगतो.

दक्षिणेला मोठी भूमी असलीच पाहिजे, ही कल्पना ग्रीकांपासून चालत आलेली. पृथ्वी गोल आहे हे त्यांना ठाऊक होतं. आपण राहतो तो समशीतोष्ण पट्टा उत्तरेला आहे, तसाच एक दक्षिणेलाही असणार, असा ॲरिस्टॉटलचा तर्क होता. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीनं भूगोलाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते आपला हिंदी महासागर चहूबाजूंनी जमिनीनं बंद होता: आफ्रिकेचं दक्षिण टोक एका अज्ञात भूमीला लागतं आणि ती भूमी पूर्वेकडे आशियाला जाऊन मिळते. हा ग्रंथ पंधराव्या शतकात लॅटिनमध्ये आला आणि युरोपात त्याच्यावर फार विश्वास बसला. १४८८ साली बार्तोलोमेउ दियास आफ्रिकेचं टोक वळून आला, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा महासागर बंद नाही हे सिद्ध झालं. दक्षिणभूमी मात्र नकाशावरून गेली नाही, ती फक्त आणखी खाली सरकली.

ही खाली सरकण्याची चाल नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढं ती पुन:पुन्हा घडते. १५२० साली मॅगेलन दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या सामुद्रधुनीतून गेला. डाव्या हाताला त्याला जमीन दिसली, रात्री तिच्यावर पेटलेल्या शेकोट्या दिसल्या. ते एक बेट होतं. नकाशाकारांनी ते महाखंडाचं टोक समजून काढलं. १६१६ साली डच खलाशी त्याच्याही दक्षिणेकडून जहाज घेऊन गेले तेव्हा ते बेट ठरलं, आणि महाखंडाचा किनारा पुन्हा खाली ढकलला गेला. जिथवर जहाज गेलं तिथवर समुद्र, त्याच्यापुढं कल्पनेतली जमीन. पुरावा नाही मिळाला, तर तो अजून पुढं असेल एवढंच ठरे.

नकाशाकार खोटारडे होते असं मला वाटत नाही. मर्केटर हा त्या काळातला सर्वांत काटेकोर नकाशाकार, १५६९ चा त्याचा नकाशा आजही अभ्यासला जातो. त्याचा युक्तिवाद असा: उत्तरेकडे युरोप, आशिया अशी एवढी जमीन आहे, मग दक्षिणेला तेवढंच वजन नसेल तर पृथ्वीचा तोल राहील कसा? ऐकायला पटतं. चूक कुठं आहे ते समजून घेऊ. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या केंद्राकडे ओढतं, तिला तराजूसारखं मधे धरलेलं नाही. शिवाय खंडांचा खडक वजनाला हलका असतो, पाण्याच्या साधारण २.७ पट, तर समुद्रतळाचा खडक पाण्याच्या सुमारे ३ पट जड. खंड जाड आणि हलके असल्यामुळे वर राहतात, समुद्रतळ पातळ आणि जड असल्यामुळे खाली बसतो. दोन्ही आपापल्या जागी तोललेले असतात, त्यासाठी पलीकडच्या बाजूला जमीन लागत नाही. जगातली सुमारे दोन तृतीयांश जमीन उत्तर गोलार्धात आहे आणि पृथ्वी मजेत फिरते आहे. पण हे कळायला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत हवा होता, आणि मर्केटर वारला तेव्हा न्यूटनचा जन्म व्हायला जवळजवळ पन्नास वर्षं बाकी होती.

तोलाच्या तर्कानं भूमी नकाशावर आली. जहाजं निघाली ती सोन्याच्या आशेनं. मार्को पोलोनं आग्नेय आशियातल्या एका श्रीमंत राज्याबद्दल लिहिलं होतं. त्याच्या पुस्तकाच्या छापील प्रतीत त्या राज्याचं नाव चुकून 'बीच' असं छापलं गेलं. नकाशाकारांनी हे बीच उचललं आणि दक्षिण महाखंडावर नेऊन ठेवलं, शेजारी लिहिलं: सोनं पिकवणारा प्रांत. एक छापखान्याची चूक, आणि तिच्यावर उभं राहिलेलं सुवर्णराज्य!

पेरूमधून निघालेल्या स्पॅनिश मोहिमा याच ओढीच्या. १५६७ साली मेंदान्या निघाला, पुढच्या वर्षी पॅसिफिकमधल्या बेटांवर पोचला. बायबलमधला सोलोमन राजा जिथून सोनं आणत असे तीच ही बेटं, अशी बातमी पसरली, म्हणून आजही ती सोलोमन बेटं. सोनं काही मिळालं नाही. १५९५ साली तो पुन्हा निघाला आणि वाटेतच मेला. त्याच्यानंतर मोहिमेची सूत्रं त्याच्या पत्नीनं, इसाबेल बारेतोनं हातात घेतली. त्या मोहिमेचा मुख्य खलाशी होता पेद्रो फर्नांदिस द किरोस, आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो हाच माणूस.

किरोसला सोन्यापेक्षा आत्म्यांची ओढ होती. दक्षिणभूमीत लाखो माणसं आहेत आणि त्यांना ख्रिस्ताची वाट दाखवणं हे आपलं काम आहे, असं त्याला मनापासून वाटे. १६०५ च्या डिसेंबरात तो पेरूहून निघाला. मे १६०६ मध्ये एका मोठ्या उपसागरात शिरला आणि त्याला खात्री पटली की महाखंड सापडला. तिथल्या नदीला त्यानं जॉर्डन नाव दिलं. तिच्या काठी 'नवं जेरुसलेम' वसवायचं ठरवलं. आपल्या माणसांना एका नव्या धार्मिक पंथाचे सरदार म्हणून किताब वाटले, त्यात जहाजावरचे आचारीही सुटले नाहीत. पण तिथं आधीपासून माणसं राहत होती. त्यांच्याशी झटापटी झाल्या, त्यांची माणसं मारली गेली, त्यांची मुलं पळवून जहाजावर नेली गेली. काही आठवड्यांतच नवं जेरुसलेम सोडून किरोस निघून गेला. ते ठिकाण म्हणजे आजच्या वानुआतू देशातलं एक बेट. किरोस पुढं माद्रिदला गेला आणि स्पेनच्या राजाकडे अर्जांमागून अर्ज करत राहिला, पन्नासच्या आसपास. तिकडची हवा कशी उत्तम, जमीन कशी कसदार, देश केवढा विशाल, हे सगळं त्यात. शेवटी परवानगी मिळाल्यासारखं झालं, निघाला, पनामापर्यंत पोचला आणि तिथंच वारला. त्याचा एक अर्ज छापला गेला, युरोपातल्या भाषांत गेला, आणि न सापडलेल्या देशाचं त्यातलं वर्णन पुढची दीडशे वर्षं पुरावा म्हणून वापरलं गेलं.

त्याच १६०६ साली डच खलाशी विलेम यान्सझोन ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला लागला. आबेल टास्मान १६४२ मध्ये टास्मानिया आणि न्यूझीलंडला पोचला. पण डच व्यापारी माणसं. मसाला नाही, सोनं नाही, व्यापाराला कुणी तयार नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

अठराव्या शतकात या कल्पनेत पुन्हा जीव आला, तो थेट मद्रासमधून. अलेक्झांडर डॅलरिंपल ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून कोवळ्या वयात मद्रासला आला होता. त्यानं जुन्या स्पॅनिश मोहिमांचे कागद गोळा केले आणि हिशेब मांडला की दक्षिण महाखंडाची लोकसंख्या ५ कोटींवर असली पाहिजे. ५ कोटी माणसं, म्हणजे ब्रिटिश मालाला केवढी मोठी बाजारपेठ! १७६८ साली रॉयल सोसायटी ही लंडनची विज्ञानसंस्था ताहिती बेटावर शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना, पाहायला जहाज पाठवणार होती. डॅलरिंपलला त्याचं नेतृत्व हवं होतं. नौदलानं नकार दिला आणि जेम्स कुकला नेमलं. कुकच्या हाती एक गुप्त आदेश होता: अधिक्रमण पाहून झालं की दक्षिणेला ४० अंशांपर्यंत जा आणि महाखंड शोध.

कुकनं शोधला, मिळाला नाही. न्यूझीलंडला पूर्ण वळसा घालून ती बेटं आहेत हे दाखवलं. १७७२ ते १७७५ या दुसऱ्या सफरीत तर त्यानं ठरवूनच दक्षिण समुद्र पिंजून काढला. १७ जानेवारी १७७३ रोजी त्याच्या जहाजानं अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं, इतिहासात पहिल्यांदा. पुढच्या वर्षी तो ७१ अंश १० मिनिटं दक्षिणेपर्यंत गेला आणि बर्फाच्या भिंतीपाशी थांबला. जवळ हॅरिसनच्या, समुद्रावरही अचूक चालणाऱ्या घड्याळाची केंडलनं बनवलेली प्रत होती. त्यामुळे आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे त्याला अचूक सांगता येई, जे किरोसला कधीच जमलं नसतं. त्याचा निष्कर्ष: सुपीक, वस्तीचा महाखंड नाही. ध्रुवापाशी जमीन असलीच तर ती कायम बर्फाखाली आहे आणि कुणाच्या उपयोगाची नाही. 'नाही' हे उत्तर मिळवायला माणसानं तीन वर्षं बर्फात घालवावीत, याला मी फार मोठं काम मानतो.

त्याच सुमारास फ्रेंच कप्तान केर्गेलेननं दक्षिण हिंदी महासागरात एक बेट लांबून पाहिलं आणि मायदेशी येऊन राजाला सांगितलं की सुपीक दक्षिण फ्रान्स सापडला. राजानं पुन्हा पाठवलं. तिथं वारा, पाऊस आणि उघडा दगड. परतल्यावर त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि तो तुरुंगात गेला.

१८१४ साली ब्रिटिश दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सनं ऑस्ट्रेलियाभोवती केलेल्या प्रदक्षिणेचं पुस्तक छापलं. त्यात त्यानं लिहिलं की याहून दक्षिणेला एवढी मोठी दुसरी भूमी सापडण्याची शक्यता नाही, म्हणून टेरा ऑस्ट्रालिस हे नाव याच भूमीला राहू द्यावं, आणि सोपं करून 'ऑस्ट्रेलिया' म्हणावं. काल्पनिक देशाचं नाव खऱ्या देशाला चिकटलं ते असं. सहाच वर्षांनी, जानेवारी १८२० मध्ये, रशियन आणि ब्रिटिश जहाजांना अंटार्क्टिका दिसलं: सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, भारताच्या चौपटीहून मोठं. जुन्या नकाशांतला किनारा त्याच्याशी जुळत नाही. 'प्राचीन नकाशात बर्फ नसलेलं अंटार्क्टिका' हे मोबाईलवर फिरणारं प्रकरण याच अंदाजानं काढलेल्या किनाऱ्यांवर उभं आहे.

कल्पनेतल्या देशानं किती नुकसान केलं, तेही सांगितलं पाहिजे. ऑस्ट्रेलियात माणसं किमान ५० हजार वर्षांपासून राहत होती. त्यांच्या भाषा होत्या, वाटा होत्या, गाणी होती. १७७० मध्ये कुकनं पूर्व किनारा ब्रिटनच्या राजाच्या नावे केला आणि १७८८ मध्ये वसाहत सुरू झाली, ती जणू तिथं कुणी मालकच नव्हता अशा थाटात. ज्या भूमीचं चित्र आधीच आपल्या मनात काढून ठेवलेलं असतं, तिथं गेल्यावर समोरचा माणूस धडपणे दिसत नाही. आपल्या भागात जंगल आणि खाण यांच्या हिशेबात गावं कशी धरली जातात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता आपल्याकडे येऊ.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४० च्या दशकात नागपूरला आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरताना तो दगड पाहत असे. नागपूर, कामठी, वरोऱ्याकडचं मांगली अशा ठिकाणांहून त्यानं जीवाश्म गोळा केले. मांगलीच्या दगडात सापडलेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचं वर्णन लंडनमध्ये जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेननं १८५५ मध्ये केलं. झाडांच्या पानांचे ठसे १८६१ मध्ये तिकडच्या तज्ज्ञांनी अभ्यासले. त्यात एक पान वारंवार येत होतं: लांबट, जिभेच्या आकाराचं, मधे ठळक शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीसारख्या शिरा. त्याचं नाव ग्लॉसॉप्टेरिस. १८६३ साली, प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना, ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाला.

हेच पान ऑस्ट्रेलियात सापडलं होतं. दक्षिण आफ्रिकेत सापडलं. दक्षिण अमेरिकेत सापडलं. युरोपात मात्र नाही. चार भूभाग, मधे हजारो किलोमीटर समुद्र, आणि झाड एकच.

त्याहून चकित करणारी गोष्ट चंद्रपूरच्या पश्चिमेला, इरई गावाजवळ नदीच्या पात्रात मिळाली. १८७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडन यांना तिथं चुनखडीच्या खडकावर एकाच दिशेनं गेलेले समांतर ओरखडे दिसले, आणि त्यावर लहानमोठ्या गोट्यांचा मिसळलेला थर. असे ओरखडे हिमनदी काढते. बर्फाच्या तळाशी अडकलेले दगड खालचा खडक घासत, कोरत पुढं सरकतात. मे महिन्यात जिथं पारा ४५ च्या वर जातो, तिथं ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनदी वाहत होती! ओरिसातल्या तालचेरलाही तसाच गोट्यांचा थर त्याआधीच ओळखला गेला होता.

कोळसा, पानं आणि हिमनदीच्या खुणा असलेल्या या खडकांच्या मालिकेला भूवैज्ञानिक एच. बी. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये 'गोंडवाना' नाव दिलं, नर्मदेच्या दक्षिणेकडे पसरलेल्या गोंडांच्या प्रदेशावरून. आपल्या वणी, बल्लारपूर, उमरेडच्या खाणी याच मालिकेत आहेत. पश्चिम विदर्भातली काळी कापसाची जमीन तिच्याहून फार अलीकडची, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून बनलेली. खाणीत कोळशाच्या वरचा राखाडी पापुद्र्यासारखा दगड नीट फोडला, तर त्यात अशी पानं मिळू शकतात. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड स्युस यांनी १८८५ मध्ये एक पाऊल पुढं टाकलं: भारत, आफ्रिका वगैरे प्रदेश पूर्वी एकाच महाखंडात होते, आणि मधली जमीन समुद्रात बुडाली. त्या महाखंडाला त्यांनी आपल्याच मुलखाचं नाव दिलं.

निरीक्षण बरोबर होतं, कारण चुकलं होतं. मधली जमीन बुडालेली नाही. खंड स्वतः सरकले.

हे म्हणायला आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ यावा लागला, १९१२ मध्ये. त्याचा युक्तिवाद आपल्या भाषेत असा: सातबाऱ्याचा कागद मधून फाटला, तर दोन तुकड्यांच्या कडा जुळतात हे एक झालं, पण कडेवरून तुटलेल्या ओळीही जुळून वाचता आल्या, तर ते तुकडे एकाच कागदाचे याबद्दल शंका राहत नाही. किनारे जुळतात, आणि किनाऱ्यावर तुटलेले खडकांचे पट्टे, पानांचे थर, हिमनदीचे ओरखडेही जुळतात. खंड आज आहेत तिथंच ठेवले, तर काही ओरखडे सांगतात की हिमनद्या समुद्रातून जमिनीवर चढल्या, जे अशक्य आहे. खंड जोडून ठेवले, की सगळे ओरखडे दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फाच्या मोठ्या थरापासून बाहेर पसरताना दिसतात. खंड सरकतात कसे हे वेगेनरला सांगता आलं नाही, म्हणून त्याची फार हेटाळणी झाली. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो मेला. १९६० च्या दशकात समुद्रतळाच्या अभ्यासातून यंत्रणा कळली तेव्हा जगानं मान्य केलं.

त्याच १९१२ साली आणखी एक गोष्ट घडत होती. ब्रिटिश नौदलातला रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे चार साथीदार १७ जानेवारीला दक्षिण ध्रुवावर पोचले, पण नॉर्वेचा अमुंडसेन आधीच पोचून गेला होता. परतीच्या वाटेवर, फेब्रुवारीत, बिअर्डमोर हिमनदीपाशी ते थांबले आणि एडवर्ड विल्सननं खडकांतून पानांचे ठसे गोळा केले. सुमारे १६ किलो दगड. अन्न संपत आलं, दोघे वाटेत गेले, उरलेले तिघे गाडी स्वतः ओढत होते, तरी ते दगड त्यांनी टाकले नाहीत. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्यांचे मृतदेह मिळाले, त्यांच्याबरोबर ते दगडही. १९१४ मध्ये केंब्रिजच्या सीवर्ड यांनी अभ्यास करून सांगितलं: ग्लॉसॉप्टेरिस. कामठीच्या दगडातलं तेच झाड! ज्या दक्षिणभूमीसाठी किरोस अर्ज करत राहिला, ती खरोखर कधीकाळी हिरवी होती, फक्त सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, आणि तेव्हा आपला विदर्भ तिच्याच अंगाचा भाग होता.

महाखंड फुटायला सुरुवात झाली सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी. भारत अंटार्क्टिकापासून सुटला सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी, मादागास्करपासून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, आणि ५ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास आशियावर येऊन आदळला. हिमालय त्या धडकेतून उठला.

बुडालेल्या जमिनीची कल्पना विज्ञानानं सोडली, पण लोकांनी सोडली नाही. १८६४ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी मादागास्करमधल्या लेमूर या माकडासारख्या प्राण्यांबद्दल विचार करताना सुचवलं की मादागास्कर आणि भारत यांच्यामधे पूर्वी जमीन असावी. तिला त्यांनी 'लेमुरिया' म्हटलं. त्या काळच्या ज्ञानात हा तर्क अगदी रास्त होता. मग जर्मनीच्या हेकेल या जीवशास्त्रज्ञानं तिथं मानवजातीचा पाळणा ठेवला. १८८८ मध्ये थिऑसॉफी या गूढविद्येच्या पंथाच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी तिथं मानवाचा एक प्राचीन, महाकाय वंश वसवला. आणि तमिळनाडूत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, विद्वानांनी लेमुरियाची सांगड जुन्या टीकाग्रंथांतल्या एका आठवणीशी घातली: कन्याकुमारीच्या दक्षिणेला पांड्य राजांची जमीन होती, तिथं पहिली तमिळ विद्वत्सभा भरे, आणि ती समुद्रानं गिळली. त्यातून 'कुमरी कंडम' उभं राहिलं, त्याचे नकाशे निघाले, ते शाळेच्या पुस्तकांतही गेले.

याची थट्टा मला करवत नाही. हिमयुगानंतर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर वाढली. भारत आणि श्रीलंका त्याआधी जमिनीनं जोडलेले होते, किनाऱ्याकाठची कितीतरी जमीन खरोखर पाण्याखाली गेली. समुद्रानं गाव गिळल्याची आठवण किनाऱ्यावरच्या लोकांत असणं स्वाभाविक आहे. आणि परकीय राज्यकर्ते तुमच्या भाषेला दुय्यम ठरवत असताना, तिची मुळं एका हरवलेल्या महाखंडात आहेत असं म्हणण्यात दुखावलेल्या समाजाचा स्वाभिमान आहे. पण किनारपट्टी बुडणं वेगळं आणि महाखंड बुडणं वेगळं. हिंदी महासागराच्या तळाला, तिथं, तेवढा खंड नाही.

लहान तुकडे मात्र आहेत. मॉरिशस बेट जेमतेम ९० लाख वर्षांचं, पण तिथल्या वाळूत आणि नंतर खडकात झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे फार जुने कण सापडले, काही तर सुमारे ३ अब्ज वर्षांचे. २०१३ पासून शास्त्रज्ञ म्हणत आहेत की बेटाखाली भारत-मादागास्करच्या फुटीतला खंडाचा एक तुकडा दबलेला आहे. न्यूझीलंडभोवती तर सुमारे ४९ लाख चौरस किलोमीटरचा 'झीलँडिया' खंड आहे, त्याचा ९४ टक्के भाग पाण्याखाली. तोही गोंडवानाचाच तुकडा. टास्माननं १६४२ मध्ये न्यूझीलंड पाहिलं तेव्हा त्याला वाटलं होतं की हा दक्षिण महाखंडाचा किनारा असावा.

आणि शेवटी गोंडवाना. आपल्याकडे काही गोंडी अभ्यासक आणि कार्यकर्ते या भूवैज्ञानिक महाखंडाला गोंडी कथनांतल्या 'कोयामूरी दीप'शी जोडतात, गोंड समाज त्या महाखंडापासूनचा आहे असं मांडतात. ज्यांचं राज्य गेलं, जंगल गेलं, त्यांना जगाच्या प्रत्येक भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आपलं नाव दिसतं, तेव्हा तसं वाटणं मी समजू शकतो. पण महाखंड फुटू लागला तेव्हा माणूस जन्मायला आणखी १७ कोटी वर्षांहून अधिक काळ जायचा होता; माणसाचं वय सुमारे ३ लाख वर्षं आहे. गोंडांचा इतिहास मोठा ठरायला तेवढ्या मागं जावं लागत नाही. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, परकोट आहे, बल्लारपूरचा किल्ला आहे, तलाव आहेत, देवगडच्या बख्त बुलंदशहानं वसवलेलं नागपूर आहे, १७५१ मध्ये भोसल्यांच्या हाती जाईपर्यंत चाललेलं चांद्याचं राज्य आहे. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा नोंदवली, तरी ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. आमच्या वर्गात आठवीच्या पोराला गोंडवाना म्हणजे काय विचारलं तर तो खंडांचा नकाशा काढतो. चांद्याच्या एकाही गोंड राजाचं नाव त्याला सांगता येत नाही, कारण ते आम्ही शिकवलेलंच नाही. या वर्षीपासून मी वेगेनरच्या धड्याच्या आधी चांद्याच्या परकोटाचा धडा घेतो, तो पुस्तकात नसला तरी.